नाळे काणाम

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला माणसांच्या आधी मांजरं येतात. चिनी जाळ्यांच्या फळ्यांवर ती ओळीनं बसून राहतात आणि जाळं वर यायला लागलं की एकेक उठून उभं राहतं. या जाळ्याला तिकडे ‘चीनवला’ म्हणतात. फोटोत ते नुसतं सुंदर दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की तो एक भला मोठा तराजू आहे. एका अंगाला पाण्यावर झुकलेलं जाळं, दुसऱ्या अंगाला दोरांना टांगलेले दगड. एक माणूस मुख्य वाशावरून तोल सांभाळत पाण्याच्या दिशेनं चालत जातो आणि त्याच्या वजनानं जाळं खाली बसतं. काही मिनिटं थांबायचं. मग चार-पाच जणांनी मिळून दोर ओढायचा. दगडांचे दोर कमी-जास्त लांबीचे असतात. जाळं जसजसं वर येतं तसतसे दगड एकापाठोपाठ एक फळीवर टेकत जातात, आणि एवढा मोठा पसारा कुठेही न हिसकता वर उचलला जातो.

तो दोर मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा तो किती जाड, किती ओला आणि मिठानं किती खरखरीत असतो ते कळलं. दिवसभर तळहात चुरचुरत होते. जाळ्यात आलं काय? मूठभर कोळंबी, चार-पाच बारके मासे, एक खेकडा आणि जलपर्णीचा हिरवा गुंता. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा ही जलपर्णी वरच्या अंगाच्या पाणथळ भागातून वाहत येते आणि जाळी फाडते. बारके मासे मांजरांना गेले. जाळ्यावरचा सगळ्यांत वयस्क माणूस फळीवर बसून बिडी ओढत होता. मी निघाले तेव्हा तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘नाळे काणाम.’ त्याचा अर्थ मला दुपारी घरमालकीणबाईंनी सांगितला: उद्या भेटू.

हे पुस्तक त्या दोन शब्दांमुळे लिहिलं गेलं. म्हणून प्रस्तावनेलाही मी तेच नाव दिलं आहे.

2016 च्या डिसेंबरात मी पाठीवर सॅक घेऊन कोचीला पहिल्यांदा गेले. तीन दिवस कोची, मग मुन्नार, मग अलप्पुळा, असा बेत होता. बघायच्या ठिकाणांची यादी वहीत लिहिलेली होती. दोन दिवसांत ती यादी मी जवळजवळ संपवली, आणि तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. होमस्टेच्या बाई निवृत्त शिक्षिका. तोवर आमचं बोलणं किल्ली, पाणी, नाश्ता एवढंच झालं होतं. त्या दिवशी त्या वाडग्यात गरम कंजी घेऊन आल्या, बाजूला शिजवलेले हिरवे मूग आणि एक पापड. कंजी म्हणजे आपली पेज. माझी आजी रत्नागिरीची, तापात पेजच द्यायची. मी वाडगा दोन्ही हातांत धरला आणि मला रडू आलं. बाई शेजारी बसून राहिल्या. त्यांनी मला ‘मोळे’ म्हणून हाक मारली, म्हणजे मुली. मी त्यांना त्या दिवसापासून चेची, म्हणजे ताई, म्हणू लागले. मुन्नार राहिलं ते राहिलंच. तीन दिवसांचे बारा दिवस झाले, आणि त्यानंतर आजवर मी कोचीला पाच वेळा गेले आहे.

पाठीवर ओझं घेऊन फिरणं आपल्याला नवं नाही. वरसईचे गोडसे भटजी 1857 साली उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून फिरून परत आले. नर्मदेची परिक्रमा करणारे आजही एक झोळी आणि एक काठी घेऊन महिनोन्‌महिने चालतात आणि किनाऱ्यावरची गावं त्यांना जेवू घालतात. माझी स्वतःची सॅक सह्याद्रीत घडली. गडावरून उतरायचं, पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळात अंथरूण टाकायचं, कुणीतरी पिठलं-भाकरी आणून द्यायचं, सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना नमस्कार करून निघायचं. खेड्यात परक्या माणसाला जागा कुठे द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. शहरात तसं काही ठरलेलं नसतं. तिथे पडवी नाही, देवळाला कुलूप लागतं, आणि पाहुण्याला पाहुणा म्हणून ओळखायला कुणाला फुरसत नसते. त्यामुळे शहरात सॅक घेऊन फिरणारे एकमेकांतच राहतात. वसतिगृहाच्या गच्चीवर पुण्याचा मुलगा बंगळुरूच्या मुलीला भेटतो, दोघं मिळून इस्रायलच्या मुलाला भेटतात, आणि ज्या गावात आलो त्या गावातलं कुणीच भेटत नाही. ही मैत्री खोटी असते असं मी म्हणत नाही. माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मला अशाच एका गच्चीवर मिळाल्या. पण ती गच्ची जगात कुठेही असू शकली असती. या पुस्तकाचा विषय गावाशी होणारी ओळख हा आहे, आणि ती ओळख व्हायला कोचीइतकी अनुकूल जागा मला दुसरी दिसली नाही.

त्याचं कारण त्या गावाच्या जन्मातच आहे. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला. मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि दक्षिणेकडे कोचीचं मुख मोकळं झालं. म्हणजे हे बंदरच एका उलथापालथीतून आलेलं. मिऱ्यासाठी अरब आले, 1500 साली पोर्तुगीज आले, 1663 मध्ये डचांनी त्यांना हुसकून लावलं, 1795 मध्ये इंग्रज आले. वास्को द गामा 1524 साली नाताळच्या आदल्या दिवशी इथेच वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या, पण चर्चमध्ये ती जागा अजून दाखवतात. ही झाली राज्यकर्त्यांची कथा, ती सगळ्या माहितीपत्रकांत असते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांच्या आगेमागे आलेल्या आणि कायमच्या राहिलेल्या माणसांची.

मट्टांचेरीत एका संध्याकाळी पायी फिरा. गुजराती रोडवर जैन मंदिर लागेल आणि फरसाणाचा वास येईल. पुढे कच्छी मेमन, दाऊदी बोहरा, तमिळ वण्णान. या वण्णानांना डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला आणलं होतं. त्यांचे वंशज वेळी भागातल्या धोबीखान्यात आजही हातानं कपडे धुतात आणि दोरीच्या पिळात टोकं अडकवून, चिमटा न लावता, वाळत घालतात. चेरळाईत तिरुमल देवस्वमचं देऊळ आहे, ते कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून ही मंडळी किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली आली. देवळामागच्या गल्लीत एका ओसरीवर बसलेल्या आजींनी मला विचारलं, ‘जेवण जालें?’ मी जागच्या जागी थांबले. घरापासून एवढ्या दूर, चारशे-साडेचारशे वर्षांनंतर, तोच प्रश्न. मल्याळममध्येही ओळखीच्या माणसाला आधी हेच विचारतात: ‘ऊण कळिच्चो?’

या कोकणी माणसांच्या कोचीतल्या कामाचा एक पुरावा प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान ऱ्हेडे यानं मलबारातल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करवला. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे 12 खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. ती माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा ईळव वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्या तिघांची साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. त्या वेळी तिकडे युरोपात आपली अक्षरं कागदावर उमटली होती, तीही कोचीत स्थायिक झालेल्या निर्वासितांच्या हातची. दुसऱ्या फेरीत मला हे कळलं तेव्हा मी चेरळाईच्या त्या आजींकडे धावत गेले. त्यांना ते ठाऊक होतं. ‘ते आमचेच’ असं म्हणून त्या तांदूळ निवडू लागल्या.

ज्यू टाऊनची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे थांबायला हवं. परदेसी सिनेगॉग 1568 चं. आत अनवाणी जायचं. पायाखाली चीनमधून आलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा असतात आणि वर काचेची झुंबरं. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला धर्मशिक्षण द्यायला कोचीचे ज्यू मुंबईत आले होते. म्हणजे हाही धागा आपल्याकडे येतो. इस्रायल देश झाल्यावर कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. गल्लीच्या नावात ज्यू उरले, घरांत फार थोडे. त्या थोड्यांतल्या एक सारा कोहेन. त्यांचं भरतकामाचं दुकान गल्लीत होतं. 2019 मध्ये, नव्वदी कधीच ओलांडून, त्या गेल्या. शेवटची कितीतरी वर्षं त्यांना मुलासारखं सांभाळलं ते एका मुस्लिम माणसानं. पोरवयात त्याच गल्लीत तो पर्यटकांना किरकोळ वस्तू विकायचा आणि माल ठेवायला त्याला कोहेन पती-पत्नींनी आपल्या घरात जागा दिली होती. पुढे ते दुकानही त्यानंच चालवलं. सिनेगॉगमधली झुंबरं पाहून बाहेर पडणाऱ्या शेकडो लोकांना ही गोष्ट ठाऊक नसते. माझ्या मते त्या गल्लीत पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ती आहे.

आणि आता आपली माणसं. एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजाराच्या मागच्या एका बोळातून जाताना माझ्या कानावर आलं, ‘आरं, ती मूस उतर की आधी.’ वळून पाहिलं तर दहा बाय दहाची खोली, भट्टी पेटलेली, आम्लाचा घशाला लागणारा वास. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन सोनं-चांदी गाळण्याचा, गलाईचा धंदा करतात, हे मी ऐकून होते. केरळातल्या सराफ पेठांत तर ती हमखास असतात. मी मराठीत बोलल्यावर मालकांनी हातातलं काम तसंच ठेवलं. ‘कुठलं गाव म्हणायचं ताई तुमचं?’ मग चहा आला, घरून डबा आला, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी. मुलं मल्याळम शाळेत जातात, घरी माणदेशी बोलतात. मी विचारलं, इथली माणसं कशी वाटतात? ते म्हणाले, ‘माणसं लय चांगली हायती. पर पयलं वरीसभर कुनी बोलत न्हाई. रोज त्येच तोंड दिसाय लागलं की मग बोलत्यात.’

ते बोलले ते मी त्याच रात्री वहीत उतरवलं. या पुस्तकाच्या पुढच्या दोनशे पानांत मला हेच सांगायचं आहे. परक्या शहरात ओळख होते ती रोज तेच तोंड दिसल्यानं. प्रवासाला निघालेला माणूस रोज नवी जागा शोधतो, म्हणून तो कुणालाच दुसऱ्यांदा दिसत नाही. त्या पहिल्या मुक्कामात मी एकाच टपरीवर, एकाच वेळी, कट्टन चाया म्हणजे कोरा चहा प्यायले. पहिले तीन दिवस टपरीवाल्या चेट्टांनी, म्हणजे दादांनी, पैसे घेण्यापलीकडे काही केलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी न मागता साखर कमी घातली. सहाव्या दिवशी मला उशीर झाला तर विचारलं, बरं नाही का. आठव्या दिवशी त्यांच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची काळजी मला कळली. तिची-माझी आजही गाठभेट होते. ती आता कोट्टयमला नर्स आहे.

बोटीचंही तसंच. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला सरकारी बोट जाते, तिचं तिकीट चहाच्या पेल्याहून स्वस्त. एप्रिल 2023 पासून वॉटर मेट्रोही आहे. कोचीच्याच गोदीत बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, थंडगार आणि स्वच्छ बोटी. मी दोन्हींतून फिरते, आणि वॉटर मेट्रोनं बेटांवरच्या लोकांची मोठी सोय झाली याचा मला आनंद आहे. पण ओळखी माझ्या जुन्या बोटीत झाल्या. संध्याकाळी सहाच्या बोटीत दुकानांतून, कार्यालयांतून घरी निघालेल्या बायका असतात. कुणी फरसबी मोडत बसते, कुणी मोबाइलवर मालिका बघते. एकटी मुलगी दिसली की सरकून जागा देतात. एकटीनं प्रवास करणाऱ्या मुली मला नेहमी सुरक्षिततेचं विचारतात, म्हणून इथेच सांगते. सहाच्या बोटीत मला कधीच भीती वाटली नाही. रात्री नऊनंतर किनाऱ्याच्या अंधाऱ्या टोकाला मी एकटी गेले नाही. हे मी कोचीतच पाळते असं नाही, मुंबईतही पाळते.

पैशाबद्दल मात्र कठोर बोलायला हवं. सॅकवाल्यांमध्ये एक अभिमान रुजला आहे, की मी किती कमी पैशांत राहिलो. रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालायची, होमस्टेच्या बाईंना ‘आपण आता मित्र झालो’ म्हणून भाडं कमी करायला सांगायचं, जाळ्याचा दोर ओढून फोटो काढायचा आणि तसंच निघून जायचं. जाळ्यावरच्या चार-पाच जणांच्या वाट्याला एका पहाटेच्या मासळीतून किती कमी येतं ते मी पाहिलं आहे. मोठ्या यांत्रिक बोटी समुद्रात आहेत, खाडीतली मासळी घटली आहे, वासे आणि दोर बदलायचा खर्च वाढला आहे, आणि त्या किनाऱ्यावरच्या जाळ्यांची संख्याही पूर्वीपेक्षा घटली आहे. तिथे आपण पैसे दिले म्हणून मैत्री बाटत नाही. ज्याचं पोट आपल्या येण्यावर आहे त्याला त्याचा मोबदला पूर्ण द्यावा आणि मग, त्यानंतर, मैत्रीची वाट पाहावी. चेचींनी दुसऱ्या फेरीपासून माझ्याकडून भाडं घ्यायचं नाकारलं. मी ते दर वेळी ओट्यावर डब्याखाली ठेवते आणि त्या दर वेळी रागावतात.

या पुस्तकात काय नाही तेही सांगते. हॉटेलांचे दर नाहीत, कारण ते बदलतात. मट्टांचेरी राजवाड्यातल्या रामायणाच्या भित्तिचित्रांवर एकच प्रकरण आहे, ती चित्रं मला फार आवडतात तरीही. त्यांच्यावर अभ्यासकांनी लिहावं. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी 12-12-12 या तारखेला सुरू केलेल्या बिएनालेवर, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनावर, मात्र सविस्तर लिहिलं आहे, कारण तिच्यामुळे बंद पडलेल्या वखारी उघडल्या आणि तिथल्या हमालांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांनी समकालीन चित्रं पाहिली. खाण्यावर बरंच आहे. जेवणाबरोबर येणारं पतिमुखम घातलेलं गुलाबी कोमट पाणी पाहून मी पहिल्या दिवशी दचकले होते, ते आता मी घरी करते. माशाच्या आमटीतली कुडमपुळी ही आपल्या रातांब्याचीच बहीण, एकाच कुळातली, फक्त धूर दिलेली, काळी आणि अधिक आंबट. चेचींनी मला तिची एक पुडी दिली आणि मी त्यांना आमसुलं पाठवली. आता त्यांच्याकडे सोलकढी होते.

पावसाचं एक प्रकरण आहे, ते आधी वाचलं तरी चालेल. कोचीला जून-जुलैत जाऊ नका असं सगळे सांगतात. मी सांगते, जमलं तर एकदा तेव्हाच जा. गर्दी नसते, टपरीवर बसायला जागा असते, पाऊस थांबेपर्यंत कुणालाच कुठे जाता येत नाही आणि माणसं बोलतात. कोकण रेल्वे त्या दिवसांत सावकाश चालते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

ज्यांनी या पुस्तकात स्वतःबद्दल लिहू दिलं त्या कुणाचीही नावं मी छापलेली नाहीत, त्यांनीच तसं सांगितलं. चेचींनी प्रत्येक प्रकरण माझ्याकडून इंग्रजीत सांगून घेतलं आणि दोन ठिकाणी मला चूक दाखवली. जाळ्यावरच्या त्या वृद्ध गृहस्थांना मी गेल्या खेपेला पुस्तकाचं सांगितलं. ते आता दोर ओढत नाहीत, फळीवर बसून इतरांना सांगतात. निघताना मी सवयीनं ‘येते’ म्हणाले. आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत हे त्यांना समजावून सांगू लागले तर ते म्हणाले, आम्हीही नाही म्हणत. ‘पोयिट्टु वराम’ म्हणतो, जाऊन येतो.

वाचकांना एकच विनंती आहे. कल्याणहून मंगला किंवा कुर्ल्याहून नेत्रावती धरा, दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरा, आणि हातात निदान एक आठवडा ठेवा. जाळ्यापाशी, टपरीवर किंवा बोटीत कुणाशी दोन शब्द झाले तर निघताना ‘नाळे काणाम’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथे हजर राहा.